बोटीचे दोन वाटे

जुन्या गाड्यांची किंमत ठरवणं हा माझा धंदा आहे. विमा कंपनीची माणसं मला बोलावतात. मी गाडीभोवती एक फेरी मारते, दरवाजा उघडून लावते, त्याचा आवाज ऐकते आणि मालकाचं तोंड उतरेल असा आकडा सांगते. "अहो, पण ही माझ्या वडिलांची गाडी आहे," असं कुणी म्हणालं की मी विचारते, "वडील गाडीबरोबर मिळणार आहेत का?" लोक मला तुसडी म्हणतात. म्हणोत बापडे. भावनेला बाजारात गिऱ्हाईक नसतं, हे कुणीतरी तोंडावर सांगायलाच हवं.

म्हणूनच आई गेल्यावर तिच्या मोटरबोटीचा विषय निघाला तेव्हा दादाने माझ्याकडे पाहिलं. घर भाड्याचं होतं, दागिन्यांची आईला हौस नव्हती. मागे राहिली ती तलावाच्या धक्क्याला बांधलेली लाकडी बोट, माझ्याहून चार-दोन वर्षांनीच लहान.

"लवंगे, किंमत तू काढ," दादा म्हणाला. मी लवंगी मिरचीची लवंगी, हे लहानपणापासूनचं. "मग आपलं नेहमीसारखं करू."

नेहमीसारखं म्हणजे आईच्या नियमाप्रमाणे. घरात केक आला की सुरी माझ्या हातात यायची. मी त्याचे दोन वाटे करायचे आणि दादाने त्यातला हवा तो आधी उचलायचा. म्हणजे कापणाऱ्याने लबाडी केली तर त्याच्याच अंगाशी यावी. नियम अगदी चोख होता, फक्त तो दादासारख्या माणसावर चालत नव्हता. कारण मी कसंही कापलं तरी दादा दोन्ही तुकड्यांकडे नीट पाहायचा आणि लहानातला लहान उचलायचा. हे मला फार लवकर कळलं. त्यानंतर माझी सुरी कधी मधोमध पडली असेल तर ती चुकून.

आता बोटीचे काही दोन तुकडे करता येत नाहीत. तेव्हा ठरलं ते असं, की मी किंमत सांगायची. मग दादाने निवडायचं. त्याने बोट घेतली तर त्या किमतीचे अर्धे पैसे मला द्यायचे. त्याने पैसे घेतले तर बोट माझी आणि अर्धे पैसे मी त्याला द्यायचे. एकदा किंमत तोंडातून गेली की बदल नाही, एकदा उचललं की परत ठेवणं नाही. हेही आईचंच.

मला ती बोट हवी होती. का ते सरळ सांगते. आई जनावरांची डॉक्टर होती. तलावाच्या पलीकडच्या काठावर ज्या वस्त्या होत्या तिथे रस्ता नव्हता, म्हणून ती बोटीने जायची आणि सुट्टीच्या दिवशी मला बरोबर न्यायची. ती गोठ्यात शिरली की मी बोटीत बसून वाट पाहायचे. ती गेल्यानंतर मी एकदा उगीचच त्या बोटीत जाऊन बसले. तेव्हा मला वाटलं, ती आताच उतरून गोठ्यात गेली आहे, हात धुऊन येईलच. असं दुसऱ्या कुठल्याही जागी वाटत नाही. तिच्या खोलीतही नाही.

आणि बोट मिळवण्याची युक्ती माझ्या हातातच होती. मी किंमत कमी सांगायची. मग बोट हा मोठा तुकडा होणार आणि पैसे हा लहान. दादा आयुष्यभराच्या सवयीने लहान तुकडा उचलणार. म्हणजे बोट मला मिळणार, आणि वर स्वस्तात. मी मनातल्या मनात तिला नवा रंगसुद्धा देऊन टाकला.

फक्त कमी किमतीला काहीतरी आधार हवा होता. नुसता आकडा फेकणं माझ्या धंद्यात बसत नाही. दोष शोधायचे, ते मांडायचे आणि मग आकडा सांगायचा. पस्तिशी ओलांडलेल्या लाकडी बोटीत दोष शोधायला किती वेळ लागणार? मी शनिवारी सकाळी ठोकाकाकांना घेऊन धक्क्यावर गेले.

ठोकाकाका बोटी दुरुस्त करतात. हातात सदैव एक छोटी हातोडी. फळीवर मारली की चांगलं लाकूड टणक आवाज देतं आणि कुजलेलं लाकूड नुसतं भद्द करतं, त्यावरून ते बोटीची तब्येत सांगतात. बोलायला ते माझ्याहून तुसडे, त्यामुळे आमचं जमतं.

त्यांनी आधी बोट रुळांवरून पाण्याबाहेर ओढून घेतली. मग ते एका टोकाकडून ठोकत निघाले. मी मागून कान देऊन चालले, भद्द कधी येतंय याची वाट बघत. टण. टण. टण. तळ संपला, तरी भद्द नाही.

"काय हो, एकही फळी कुजलेली नाही?"

"एवढी निराश का होतेस? आजारी माणसाचे रिपोर्ट चांगले आले तर लोक पेढे वाटतात," ते म्हणाले. मग एका जागी थांबून त्यांनी पुन्हा ठोकलं. "ही फळी नवी आहे. ही पण. तुझी आई दर वर्षी एकच फळी बदलायची. सगळ्यात वाईट असेल ती. मी म्हणायचो, बाई, एकदाच काय ते काम काढा. तर म्हणायची, कळपातली एकेकच गाय म्हातारी होते, सगळा कळप कुणी एकदम विकतं का?"

म्हणजे बोट पस्तिशीची, पण तिच्यातल्या बऱ्याच फळ्या कालपरवाच्या. गाडीच्या बाबतीत मी अशाला 'जवळजवळ नवी' म्हणते ते मला आठवलं आणि वयाचा मुद्दा मी गपचूप सोडून दिला.

मग मी आत शिरले. आत तरी काहीतरी मिळेलच. विजेच्या तारा पाहायला मी बाकाखालचं झाकण काढलं. जुन्या बोटीत तिथे तारांचा गुंता असतो, आणि गुंता म्हणजे किंमत धाडकन खाली. इथे प्रत्येक तार वेगळी, सरळ, आणि प्रत्येकीला एक पिवळा बिल्ला. गाईच्या कानात टोचतात तो. आकड्याच्या जागी आईच्या अक्षरात लिहिलेलं होतं: 'पुढचा दिवा', 'पंप', 'भोंगा'. एका तारेवर होतं, 'हिला हात लावू नकोस, मी पण लावत नाही.'

मी हसले आणि लगेच ओठ आवळले, कारण काका बघत होते.

बाकाची गादी फाटलेली आहे हे मला पक्कं आठवत होतं. लहानपणी मीच ती फाडली होती. हा दोष तरी कुठे जात नव्हता. मी वरचं कापड उचललं. फाटलेली जागा शिवलेली होती, जनावराचं पोट शिवतात तशी, प्रत्येक टाक्याची वेगळी गाठ. मी ओढून पाहिलं. माझ्या ओळखीतल्या एकाही गाडीची गादी इतकी घट्ट शिवलेली नाही. इंजिनापाशी वंगण भरायला सुई नसलेली एक भलीमोठी पिचकारी टांगलेली होती. बैलाला औषध टोचायची असावी. कडेला लोखंडी कड्या होत्या, आजारी वासरू बांधायला. डेकवर रबराचा जाड तुकडा अंथरलेला होता, खुरं घसरू नयेत म्हणून, आणि तो उचलला तर खाली लाकडावर खुरांचे बारीक चंद्रकोरीसारखे ठसे. किती जनावरं या डेकवर भेदरून उभी राहिली असतील आणि माझी आई त्यांच्या मानेवर एक हात ठेवून दुसऱ्या हाताने सुकाणू धरत असेल!

मी त्या ठशांवरून बोटं फिरवत बसले. ही बाई दिवसभर शेणात आणि रक्तात हात घालून घरी यायची, आमचा अभ्यास घ्यायची. मग ही सगळी निगा तिने केली कधी? मला माझ्या आईचा इतका अभिमान कधी वाटला नव्हता. ती हयात असताना तर नाहीच. तेव्हा मला तिच्या अंगाला येणाऱ्या औषधाच्या वासाची लाज वाटायची.

काकांनी इंजिन सुरू केलं. ते पहिल्याच झटक्यात लागलं आणि शहाण्या जनावरासारखं शांत धडधडत राहिलं.

"झालं," काका हात पुसत म्हणाले. "बोट ठणठणीत आहे. पण पैसे काही यायचे नाहीत."

"म्हणजे?"

"अगं, आजकाल लाकडी बोट घेतो कोण? सगळ्यांना फायबरची हवी. वर ही अशी, कड्या लावलेली, खुरं उमटलेली. हौशी माणूस नाक मुरडेल. एखाद्या जुन्या स्कूटरचे येतात तेवढे येतील. त्यावर एक पैसा नाही."

मला हवं होतं ते नेमकं हेच. जाणकाराच्या तोंडून, मी एक शब्दही न घालता. जुन्या स्कूटरची किंमत! मी काकांच्या गळ्यात पडायला हवं होतं. त्याऐवजी माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

"स्कूटर?" मी म्हणाले. "काका, तुमचे कान गेलेत का? एक तरी फळी भद्द वाजली?"

"अगं, मी बाजारभाव सांगतोय."

"बाजाराला अक्कल आहे का? त्या तारा बघा! नव्या बोटीत दाखवा असं काम! ती शिवण बघा!"

"बघितलं. वडील गाडीबरोबर मिळणार आहेत का, असं तूच म्हणतेस ना सगळ्यांना?" ठोकाकाका हातोडी खिशात घालत म्हणाले. मी त्यांना चहासुद्धा विचारला नाही.

रविवारी दादा आईच्या घरी आला. खोल्या जवळजवळ रिकाम्या झाल्या होत्या, स्वयंपाकघरातलं टेबल तेवढं राहिलं होतं. आमच्या वाटण्या याच टेबलावर व्हायच्या. दादा शाळेत भूगोल शिकवतो. सगळे महासागर फळ्यावर न बघता काढतो, पण स्वतः घोट्यापलीकडे पाण्यात उतरलेला नाही. तो नेहमीच्या खुर्चीत बसला, चष्मा पुसला आणि म्हणाला, "हं, सांग."

रात्री मी स्वतःला पढवून ठेवलं होतं. स्कूटर. एक शब्द, तोही खोटा नाही. बाजारभाव तोच होता. मी तोंड उघडलं.

"नव्या गाडीइतकी," मी म्हणाले. "लहान, पण शोरूममधून काढलेल्या कोऱ्या गाडीइतकी."

माझी जीभ स्कूटर म्हणायला तयारच झाली नाही. आईच्या टेबलावर बसून आईच्या बोटीला स्कूटर म्हणायचं? आणि मग, आकडा हवेत असतानाच, मी काय करून बसले ते माझ्या लक्षात आलं. एवढ्या किमतीला पैसे हाच मोठा तुकडा झाला होता. जो बोट घेईल त्याने अर्ध्या नव्या गाडीचे पैसे मोजायचे आणि बदल्यात बाजारात स्कूटरच्या भावाने जाणारी बोट घ्यायची. दोन तुकड्यांत बोट इतकी लहान मी स्वतःच्या हाताने कापली होती. आणि समोर बसला होता आयुष्यभर लहान तुकडा उचलणारा माणूस.

 दादाने चष्मा डोळ्यांवर चढवला.

"बोट मी घेतो," तो म्हणाला.

मी उठलेच. खुर्ची मागे पडली. "मूर्खासारखं करू नकोस! तुला पोहता येत नाही. तुला पाण्याकडे बघून घाम फुटतो. कोण घेतं रे एवढे पैसे देऊन? ठोकाकाका म्हणतात जुन्या स्कूटरचे येतात त्यावर एक पैसा मिळणार नाही!"

"मग तू नवी गाडी का म्हणालीस?"

"कारण ती तेवढ्याची आहे!"

"मलाही तसंच वाटतं," दादा शांतपणे म्हणाला. "म्हणूनच घेतोय."

"तू घेत नाहीयेस, तू नेहमीसारखा लहान तुकडा उचलतोयस! मला पैसे मिळावेत म्हणून! मला नकोत तुझे पैसे. जन्मभर हेच केलंस. एकदा तरी, एकदा तरी स्वतःला हवं ते घे ना!" माझा आवाज चिरकला. रागाने की रडू येत होतं म्हणून, ते मला आजही सांगता येणार नाही.

दादाने पडलेली खुर्ची उचलून सरळ केली.

"बस," तो म्हणाला. "सुरी नेहमी तुझ्याच हातात का असायची, माहितेय?"

"मी नीट कापायचे म्हणून."

तो इतका हसला की त्याला चष्मा काढावा लागला. "नीट! अगं, सुरी पहिल्यांदा माझ्याकडे होती. तू फार लहान होतीस, तुला आठवणार नाही. मी एक तुकडा ताटाएवढा कापला आणि एक बोटाएवढा. तू ताटाएवढा उचललास आणि निघून गेलीस. आईने माझ्या हातातून सुरी काढून घेतली. मला म्हणाली, 'तुला वाटे करता यायचे नाहीत, ते हिला करू दे. तू उचलायला शीक.' त्यानंतर प्रत्येक वेळी ती माझ्याकडे बघायची, बघितलंयस का कधी? मी लहान तुकडा उचलला की म्हणायची, 'बरं. पुढच्या वेळी.'"

मला ते 'बरं, पुढच्या वेळी' आठवलं. केक संपला म्हणून ती आमची समजूत काढते आहे, असं मी इतकी वर्षं समजत होते. नियम माझी लबाडी पकडण्यासाठी आहे, असंही मीच समजत होते. तो माझ्यासाठी नव्हताच. ती बाई केकच्या प्रत्येक तुकड्यागणिक माझ्या भावाला मागायला शिकवत होती, वर्षानुवर्षं, न कंटाळता, वर्षाला एक फळी बदलावी तशी.

"ती बोटीने यायची तेव्हा तू आत असायचीस," दादा म्हणाला. "मी धक्क्यावर. लांबून इंजिनाचा आवाज येईपर्यंत मी तिथून हलायचो नाही. मला वाटायचं, या वेळी बुडालीच असणार. मग ती दोर फेकायची आणि ओरडायची, 'झेल रे, बैलोबासारखा बघत उभा राहू नकोस!' तो दोर हातात आला की मग मी श्वास घ्यायचो. मला पाणी आवडत नाही, लवंगे. मला ती बोट परत येताना बघायला आवडतं. किंमत तू काहीही सांगितली असतीस तरी मी बोटच उचलणार होतो. तुझ्या वहिनीलाही सांगितलंय. ती म्हणाली, एकदाचं तोंड उघडून काहीतरी मागतोयस, दागिने विकावे लागले तरी चालतील."

मी थोडा वेळ हिशेब केला. "म्हणजे मी स्कूटर म्हणाले असते तर?"

"तर मला बरीच स्वस्त पडली असती."

मी कपाळावर हात मारला. मग आम्ही दोघं हसलो, आईचं टेबल हललं इतकं. हसता हसता मला रडू आलं आणि ते मी लपवलं नाही. बोट गेली होती. ज्या एका जागी आई येईलच असं वाटायचं ती जागा गेली होती. पण दादाने पहिल्यांदाच त्याला हवा होता तो तुकडा उचलला होता, आणि तो परत ठेव म्हणण्याची माझी हिंमत झाली नाही. मीही आईचीच मुलगी आहे.

"पैसे हप्त्याने देईन," दादा डोळे पुसत म्हणाला. "किंमत कमी करायचं बोलू नकोस. एकदा गेलेला शब्द गेला. पण एक अडचण आहे. मी धक्क्यावर उभा राहणार. बोट परत घेऊन यायला आत कुणीतरी लागेल."

"आणि त्या कुणाचा पगार?"

"पगार नाही. इंजिनाचं तेल माझ्याकडून."

"आधी एकदा तू आत बसायचं," मी म्हणाले. "मालकाला माल माहीत पाहिजे."

दुपारी आम्ही धक्क्यावर गेलो. ठोकाकाकांनी बोट पुन्हा पाण्यात सोडून ठेवली होती. दादाने पोहण्याचं जाकीट घातलं, त्यावर आणखी एक मागितलं, आणि वासरं बांधायची कडी दोन्ही हातांनी धरून डेकवरच्या रबरावर बसला. तलावाच्या मध्यापर्यंत त्याने डोळे उघडले नाहीत. मग एक उघडला. पलीकडच्या काठावर गोठे दिसत होते. "हे एवढं सगळं ती रोज?" त्याने विचारलं. मी मान हलवली. "रोज," तो स्वतःशीच म्हणाला, आणि मग त्याने दुसराही डोळा उघडला.

परतताना धक्का जवळ आला, मी इंजिन मंद केलं आणि सवयीने दोर उचलून वर पाहिलं. धक्क्यावर कुणी नव्हतं. दोर झेलणारा आज माझ्या शेजारी कडी धरून बसला होता. त्यालाही ते त्याच क्षणी दिसलं असावं. बोट धक्क्याला घासून थांबली तसा तो गुडघ्यांवर रांगत कडेपर्यंत गेला, धक्क्यावर चढला आणि उठून माझ्याकडे वळला. तसाच उभा राहिला.

"झेल रे!" मी ओरडले. "बैलोबासारखा बघत उभा राहू नकोस!"

त्याने दोन्ही हात पुढे केले आणि मी दोर फेकला.